सांगून झालं, तरी लोक बदलत का नाहीत?

1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने छातीचा एक्स-रे काढणारी यंत्रं गाड्यांवर चढवली आणि थेट वस्त्यांमध्ये नेऊन उभी केली. क्षयरोग लवकर सापडावा हा हेतू. तपासणी घराजवळ, तीही फुकट. एवढं करूनही लोक अपेक्षेइतके आले नाहीत. तेव्हा या सेवेतल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी कारणं शोधायला घेतली. गॉडफ्री हॉचबॉम यांच्या पाहणीत दोन समजुती कळीच्या निघाल्या: ‘मला हा रोग होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर उपयोग होतो’. या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यातल्या 82 टक्के लोकांनी स्वतःहून एक्स-रे काढून घेतला होता. ज्यांना दोन्ही पटल्या नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण होतं 21 टक्के.

या कामातून पुढे ‘आरोग्य-विश्वास प्रारूप’ उभं राहिलं. नाव जड आहे, आशय सोपा. आरोग्याबद्दल काही करण्याआधी माणूस मनातल्या मनात हिशेब मांडतो: हा आजार मला होण्याची शक्यता किती, झाला तर किती महागात पडेल, सांगितलेलं केलं तर फायदा काय, आणि ते करण्यासाठी झळ किती सोसावी लागेल. त्यातच एखादं निमित्त लागतं, म्हणजे ओळखीतलं कुणी आजारी पडणं किंवा कुणीतरी दारात येऊन आठवण करून देणं. आणि ‘हे मला जमेल’ असा भरवसाही लागतो. हा शेवटचा मुद्दा प्रारूपात नंतर घालण्यात आला, आणि तो फार मोलाचा आहे. नुसती भीती घातली आणि पुढची जमण्यासारखी पायरी दाखवली नाही, तर लोक आजार टाळण्याऐवजी ती भीतीच टाळायला लागतात. चित्र बघून मान वळवतात.

सामुदायिक आरोग्याच्या अभ्यासक्रमात हे प्रारूप अगदी सुरुवातीला शिकवतात. माझ्या मते पहिली गफलतही इथेच होते. हिशेब माणसाच्या डोक्यात चालतो हे खरं, पण त्या हिशेबातले आकडे बाहेरून आलेले असतात. रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला तपासणीला जायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तिला धोका कळलेला असतो, फायदाही पटलेला असतो, फक्त झळ परवडत नाही. तिच्या हातात आणखी एक पत्रक दिलं तर तिच्या हिशेबातला कुठला आकडा बदलतो?

कुठलाच नाही. आरोग्य संवर्धनाचं सगळं शास्त्र या एका अडचणीभोवती उभं आहे.

डोक्यातून बाहेर पडून परिस्थितीकडे

1974 मध्ये कॅनडाचे आरोग्यमंत्री मार्क लालोंद यांनी एक सरकारी अहवाल मांडला. आरोग्य चार गोष्टींवर ठरतं असं त्यात म्हटलं होतं: शरीराची जडणघडण, भोवतालचा परिसर, जीवनशैली आणि वैद्यकीय सेवा. समाजाचा बहुतेक पैसा चौथ्या गोष्टीवर खर्च होतो आणि आजारांची मुळं मात्र पहिल्या तिन्हींत असतात, हे एका सरकारी कागदाने उघडपणे म्हणणं तेव्हा धाडसाचंच होतं. पण यातल्या ‘जीवनशैली’ या खान्याचा पुढे सोयीस्कर वापर झाला. तुम्ही सिगारेट ओढता, तुम्ही चालत नाही, तुम्ही खारट खाता, म्हणजे दोष तुमचा. सरकार सुटलं, कारखानदार सुटला, आजारी माणूस तेवढा आरोपी ठरला. ही टीका लालोंद अहवालावर तेव्हापासून होत आली आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे.

1978 च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्य सेवेवर जागतिक परिषद झाली. आपल्या आरोग्यसेवेचं नियोजन आणि अंमलबजावणी यांत भाग घेणं हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही, असं तिच्या जाहीरनाम्यात नोंदवलं गेलं. आणि मग आली 21 नोव्हेंबर 1986 ची ओटावा सनद, कॅनडातल्या ओटावा शहरात भरलेल्या आरोग्य संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मंजूर केलेली. आजही या विषयाची कुठलीही शिकवणी इथूनच सुरू होते. सनदेने केलेली व्याख्या थोडक्यात अशी: आपल्या आरोग्यावर आपला ताबा वाढावा आणि ते सुधारावं, यासाठी लोकांना समर्थ करण्याची प्रक्रिया म्हणजे आरोग्य संवर्धन. यातला ‘ताबा’ महत्त्वाचा. लोकांनी आपलं ऐकावं, असं यात कुठेच म्हटलेलं नाही.

आरोग्याची पूर्वअट म्हणून सनदेने जी यादी दिली, ती वाचताना नवखा विद्यार्थी चक्रावतो. शांतता, निवारा, शिक्षण, अन्न, उत्पन्न, स्थिर परिसंस्था, टिकणारी साधनसंपत्ती, सामाजिक न्याय आणि समता. यात ना औषध आहे, ना दवाखाना, ना लस. या गोष्टी नकोत असं सनद म्हणत नाही. पण डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला व्यायामाचं महत्त्व सांगायला जाणाऱ्याने आधी आपण कुठल्या मजल्यावरून बोलतोय हे बघावं, एवढं त्यातून नक्की निघतं.

सनदेतली कामाची पाच क्षेत्रं तंबाखूच्या उदाहरणावरून चटकन समजतात. कर वाढवणं, जाहिरातींवर बंदी घालणं हे धोरण झालं. कामाची जागा धूरमुक्त करणं म्हणजे परिसर बदलणं. शाळेजवळची तंबाखूविक्री बंद व्हावी म्हणून पालकांनी एकत्र येऊन पाठपुरावा करणं ही समुदायाची कृती. तलफ आली की पहिली दहा मिनिटं कशी काढायची हे शिकवणं म्हणजे व्यक्तीचं कौशल्य वाढवणं. आणि कुठल्याही कारणाने आलेल्या रुग्णाला डॉक्टरने ‘सोडायची आहे का?’ असं विचारून मदत देऊ करणं म्हणजे आरोग्यसेवेचा रोख बदलणं. तंबाखू नियंत्रणावरचा आंतरराष्ट्रीय करार 2003 मध्ये मंजूर झाला आणि 2005 पासून लागू झाला. त्यातही एकट्या माहितीवर भिस्त नाही. कर, जाहिरातबंदी, वेष्टनावरचे इशारे, सोडण्यासाठी मदत हे सगळं एकत्र आहे. आपण ज्याला सवयीने ‘जनजागृती’ म्हणतो, ते या पाचांपैकी एका क्षेत्राचा एक तुकडा आहे.

थोडं गणित: धोका कुणाला आणि आजारी कोण

इंग्लंडमधले साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी 1985 मध्ये एक निबंध लिहिला. तो समजला की या क्षेत्राकडे बघायची नजरच बदलते. एक काल्पनिक वस्ती घेऊ. लोकसंख्या 10,000. त्यातल्या 500 जणांचा रक्तदाब खूप जास्त आहे. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्यातल्या 10 टक्क्यांना हृदयविकाराचा झटका येईल असं धरू. म्हणजे 50 झटके. उरलेल्या 9,500 जणांचा रक्तदाब थोडासाच वर आहे किंवा ठीक आहे. त्यांच्यात हे प्रमाण 2 टक्केच. म्हणजे 190 झटके.

वस्तीतल्या एकूण 240 झटक्यांपैकी 190 झटके ‘धोका कमी’ असलेल्यांना आले. कारण सरळ आहे: ते संख्येने फार जास्त आहेत.

आता फक्त त्या 500 जणांना शोधलं, औषधं दिली आणि त्यांचा धोका निम्म्यावर आणला, तर 25 झटके वाचतात. त्याऐवजी सगळ्यांच्याच खाण्यातलं मीठ थोडं उतरलं आणि प्रत्येकाचा धोका 15 टक्क्यांनी घटला, तर 36 वाचतात. दोन्ही केलं तर उत्तमच, आणि ज्याचा रक्तदाब जास्त आहे त्याला औषध मिळायलाच हवं. पण दुसऱ्या उपायातली गोम पाहा. वस्तीला फायदा मोठा, आणि एकेका माणसाला तो जवळजवळ जाणवतही नाही. 9,500 जणांतल्या बहुतेकांना तसाही झटका येणार नव्हता. त्यांनी मीठ कमी केलं, बदल्यात त्यांना दिसण्यासारखं काहीच मिळालं नाही. रोझ यांनी याला प्रतिबंधाचा विरोधाभास म्हटलं.

त्याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘तुमचा जीव वाचेल’ हे आश्वासन घेऊन सगळ्या वस्तीला हलवता येत नाही, आणि ते खरंही नसतं. मीठ कमी व्हायचं तर ते तयार पदार्थांच्या कारखान्यात आणि सामूहिक स्वयंपाकघरात कमी व्हावं लागतं. माणसाने रोज ताटावर बसून निग्रह करण्याची वेळच येऊ नये.

उत्तर कारेलिया: एका प्रांताने काय केलं

फिनलंडच्या पूर्वेला रशियाच्या सीमेलगत उत्तर कारेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलतोड आणि दुग्धव्यवसाय करणारी माणसं, अंगमेहनत भरपूर. तरी 1970 च्या सुमारास हृदयविकाराने पुरुष मरण्याचं प्रमाण जगात फिनलंडमध्ये सर्वांत जास्त होतं आणि फिनलंडात ते या प्रांतात सर्वांत जास्त. लोणी, साईचं दूध, खारवलेले पदार्थ, भाज्या जवळजवळ नाहीतच, आणि निम्म्याहून जास्त पुरुष धूम्रपान करणारे. 1971 मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे अर्ज केला: आमची माणसं ऐन उमेदीत मरताहेत, काहीतरी करा. मागणी लोकांची होती, हे पुढच्या गोष्टीच्या दृष्टीने विसरता कामा नये. 1972 मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली प्रकल्प सुरू झाला.

सुरुवात चारचौघांसारखीच झाली, पत्रकं आणि भाषणांनी. पण प्रकल्पाने मार्था नावाच्या गृहिणींच्या संघटनेशी हातमिळवणी केली आणि कामाचा नूर बदलला. गावोगावी दुपारचे मेळावे भरू लागले. तिथे भाषण नव्हतं, चूल होती. प्रांतात पिढ्यान् पिढ्या होत आलेले पदार्थ बायका एकत्र बसून रांधायच्या, फक्त चरबी आणि मीठ कमी घालून, भाज्या वाढवून. मग सगळ्यांनी मिळून जेवायचं. ‘तुमचं खाणं वाईट आहे’ असं कुणी कुणाला ऐकवलं नाही. तोच पदार्थ, जरा वेगळा, आणि चव घेऊन खात्री करा. पुढे कोलेस्टेरॉल कोणाचं जास्त उतरतं यावर गावागावांत स्पर्धा लागल्या. गावात ज्यांचा शब्द चालतो अशी साधी माणसं हेरून त्यांना प्रशिक्षण देण्यात आलं. डॉक्टरच्या सल्ल्यापेक्षा शेजाऱ्याने केलेला बदल लवकर उचलला जातो, हे प्रकल्पाने जाणीवपूर्वक वापरलं.

खरी कुस्ती झाली ती बाजारपेठेशी. लोकांनी लोणी कमी करायचं तर दूध उत्पादकांनी काय करायचं? हा प्रश्न आरोग्य विभागाचा नाही असं म्हणून झटकता आला असता. तिथे तसं केलं नाही. त्या थंड हवेत बोरवर्गातली फळं, म्हणजे ब्ल्यूबेरी, स्ट्रॉबेरी वगैरे, चांगली येतात. दुग्धव्यवसायातून या फळांकडे वळू पाहणाऱ्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रम उभा केला गेला. सॉसेज बनवणाऱ्यांना चरबी आणि मीठ कमी करायला राजी केलं. फिनलंडच्या हवामानात पिकणाऱ्या मोहरीवर्गातल्या तेलबियांचं तेल स्वयंपाकघरात आलं.

काही दशकांत प्रांतातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त घटलं. हा आकडा खरा आहे आणि तो अभिमानाने सांगितला जातो. पण त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती बरेचदा गाळली जाते: उरलेल्या फिनलंडमध्येही मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं, आणि तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ भागातही. प्रकल्पाच्या कल्पना सीमा ओलांडून पसरल्या हे त्याचं एक कारण. देशभरात उपचार सुधारले, काळच बदलला, हे दुसरं. यातलं श्रेय प्रकल्पाला किती द्यायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समुदायातलं काम मोजताना ही डोकेदुखी नेहमीच असते. तिच्याकडे पुढे येऊच.

वस्तीत पाऊल ठेवताना

नवीन कार्यकर्ता वस्तीत जातो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. वरून कार्यक्रम ठरून आलेला असतो: मधुमेह, किंवा लसीकरण, किंवा हात धुणं. ब्रिटिश अभ्यासक जोनाथन ब्रॅडशॉ यांनी 1972 मध्ये गरजांचे चार प्रकार सांगितले, ते अशा वेळी उपयोगी पडतात. तज्ज्ञाने ठरवलेली गरज, लोकांना मनातून वाटणारी गरज, लोकांनी मागणी करून बोलून दाखवलेली गरज, आणि दुसऱ्या तशाच वस्तीशी तुलना केल्यावर दिसणारी गरज. चारही क्वचितच जुळतात. तज्ज्ञाला रक्तदाब दिसतो. बायकांना अंधारा रस्ता दिसतो, कारण संध्याकाळी त्यावरून चालणं सुरक्षित नाही. गंमत अशी की तो रस्ता उजळला तर बायका चालायला लागतील आणि रक्तदाबाचं कामही थोडं पुढे सरकेल. पण हे कळायला आधी रस्त्याबद्दलचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायला लागतं.

जामखेडचं काम जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवलं जातं ते याच कारणाने. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे 1970 मध्ये काम सुरू केलं, तेव्हा दुष्काळाने गांजलेल्या लोकांची पहिली मागणी पाणी आणि अन्न ही होती. त्यांनी ती आधी घेतली. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. आरोग्याचं ज्ञान पदवीबरोबरच येतं या समजुतीला याहून सज्जड उत्तर मिळणं कठीण.

ऐकणं ही काही स्वभावाची देणगी नाही, ते शिकण्याचं काम आहे, आणि त्याच्या रीती आहेत. वस्तीतून पायी फिरायचं, बरोबर तिथलंच कुणीतरी, आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी. सकाळची वस्ती आणि रात्रीची वस्ती या दोन निराळ्या जागा असतात. लोकांकडून जमिनीवरच नकाशा काढून घ्यायचा, खडूने, काडीने, हाताला येईल त्याने. नकाशा काढताना भांडणं होतात, ती होऊ द्यायची. ‘तिकडचा नळ आमचा नाही’ हे वाक्य कुठल्याही प्रश्नावलीत सापडत नाही. बैठक घेतली तर पुढे कोण बसलं, कोण बोललं, कुणाकडे बघून बाकीचे गप्प झाले, हे घरी जाऊन लिहून काढायचं. आणि जे आलेच नाहीत त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घेऊन जायचं. माझा अनुभव असा की बैठकीतल्या एकमताला या दुसऱ्या दिवशीच तडे जातात.

गरजांची यादी करता करता आपण वस्तीला नुसती उणिवांची बेरीज समजू लागतो, हा आणखी एक धोका. त्यावरचा उतारा म्हणून मला व्हिएतनामचं उदाहरण फार आवडतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘सेव्ह द चिल्ड्रन’तर्फे जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य तिथे मुलांच्या कुपोषणावर काम करायला गेलं. सरकारने मुदत दिली होती अवघी सहा महिन्यांची. बाहेरून अन्न आणून वाटणं टिकणारं नव्हतं. त्यांनी गावकऱ्यांच्या मदतीने मुलांची वजनं केली आणि एक वेगळाच प्रश्न विचारला: घर अगदी गरीब, तरी मूल धडधाकट, असं इथे कुणी आहे का? होती. काही घरं निघाली. तिथे आया भातखाचरातले बारीक झिंगे आणि खेकडे वेचून, रताळ्याच्या पाल्याबरोबर मुलांच्या भातात घालत होत्या. हे सगळं कुणालाही फुकट मिळण्यासारखं होतं, पण लहान मुलांना ते चालत नाही असा समज असल्याने इतर देत नव्हते. शिवाय या आया दिवसातून दोनदा पोटभर भरवण्याऐवजी थोडं थोडं अनेकदा भरवत, आणि जुलाब झाले तरी खाणं थांबवत नसत.

ही माहिती हाती आल्यावर व्याख्यान देण्याचा मोह किती झाला असेल! त्यांनी ते टाळलं. कुपोषित मुलांच्या आयांना एकत्र स्वयंपाकाला बोलावलं, आणि येताना प्रत्येकीने मूठभर झिंगे-खेकडे आणि पाला स्वतः वेचून आणायचा, अशी अट घातली. दोन आठवडे रोज वेचायचं, रांधायचं, भरवायचं. सवय लागली ती हातांना, आणि मुलांची वजनं वाढताना आयांना डोळ्यांनी दिसली. उपाय गावातच होता. कार्यकर्त्यांचं काम तो शोधून त्याला वाट करून देण्याचं.

सहभाग म्हणजे नक्की काय

‘लोकसहभाग’ प्रत्येक प्रस्तावात असतो. तो कितपत खरा आहे हे तपासायचं असेल तर शेरी आर्नस्टाइन यांची 1969 सालची शिडी अजून कामाला येते. नगरनियोजनाच्या संदर्भात त्यांनी सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. सर्वांत खाली लोकांना गुंडाळणं. मध्ये माहिती देणं, मत विचारणं. वर भागीदारी आणि सर्वांत वर लोकांच्या हाती निर्णय. मधल्या पायऱ्यांना त्या दिखाऊ सहभाग म्हणतात, कारण मत विचारलं जातं पण ते मानण्याचं बंधन कुणावर नसतं. आपल्या कार्यक्रमाची पायरी ओळखायला एक प्रश्न पुरतो: लोक ‘नको’ म्हणाले असते, तर कार्यक्रम थांबला असता का?

पण समुदायाच्या हाती सगळं दिलं की सगळं भलंच होतं, असंही नाही. कमल कर यांनी 2000 च्या सुमारास बांगलादेशात राजशाहीजवळच्या एका गावात सुरू केलेली स्वच्छतेची पद्धत घ्या. तिच्यात संडास बांधायला अनुदान नाही, उपदेश नाही. कार्यकर्ता गावकऱ्यांबरोबर उघड्यावर शौचाला बसण्याच्या जागांवरून फिरतो. मग एका ग्लासात स्वच्छ पाणी घेतो आणि विचारतो, प्याल का? हो म्हणतात. मग एक केस घेऊन तो विष्ठेला टेकवतो, पाण्यात बुडवतो आणि पुन्हा विचारतो. आता कुणी तयार होत नाही. माशीला पाय किती? सहा, आणि या केसापेक्षा त्यांना जास्त चिकटतं. आपण एकमेकांची विष्ठा खातोय, हा निष्कर्ष लोक स्वतःच काढतात आणि तिथेच बंदोबस्ताची भाषा सुरू होते.

प्रभावी आहे, यात शंका नाही. पद्धत अनेक देशांत पसरली. पण तिच्या पोटात लाज आणि किळस आहे, आणि लाजेला एकदा मोकळं सोडलं की ती उतरंडीच्या खालच्या टोकाला जाते. जिथे गाव ‘शंभर टक्के’ करण्याचा दबाव आला, तिथे काही ठिकाणी संडास बांधण्याची ऐपत किंवा जागा नसलेल्यांनाच दंड आणि अपमान सोसावा लागला. बहुमताचा निर्णय समुदायाचा असतो, तरी तो न्याय्य असेलच असं नाही. म्हणून कुठलाही उपाय हाती घेताना याची झळ सर्वांत जास्त कुणाला बसेल, आणि ती व्यक्ती बैठकीत होती का, हे विचारण्यावाचून सुटका नाही. उपाय परिणामकारक आहे एवढ्याने तो योग्य ठरत नाही.

मोजायचं काय

‘आरोग्याविषयी जागृती करणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ते कधी पुरं झालं हे कळायला मार्गच नाही. उद्दिष्टात कोण, काय, किती आणि कधीपर्यंत हे यायला हवं: अमुक वस्तीतल्या एक वर्षाखालच्या बाळांपैकी वेळेवर सगळे डोस मिळालेल्यांचं प्रमाण वर्षभरात इतक्यावरून इतकं. असं लिहायला बसलं की पहिली अडचण लगेच समोर येते. ‘इतक्यावरून’ म्हणजे कितीवरून? म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी हवी. ती राहून गेली तर नंतर कितीही सुंदर अहवाल लिहिला तरी बदल दाखवता येत नाही.

मोजणीचे तीन थर आहेत. काम झालं का आणि ठरल्याप्रमाणे झालं का, हा पहिला. लोकांचं ज्ञान, सवयी किंवा परिस्थिती बदलली का, हा दुसरा. आजार किंवा मृत्यू घटले का, हा तिसरा. बहुतेक अहवाल पहिल्या थरावर थांबतात: इतकी शिबिरं, इतकी उपस्थिती, इतकी पत्रकं. हजेरीपत्रक भरलं म्हणून रक्तदाब उतरत नाही. उलट वर्षभराच्या छोट्या कार्यक्रमाने मृत्यूदर घटला असा दावा कुणी केला, तर त्यावरही चटकन विश्वास ठेवू नये. असे बदल दिसायला मोठी लोकसंख्या आणि बरीच वर्षं लागतात. लहान कामाने दुसऱ्या थरावर प्रामाणिकपणे बोलावं.

शिवाय आपल्या वस्तीत जे सुधारलं ते आपल्यामुळेच, हे ठरवायला तुलनेची वस्ती लागते, आणि तीही स्थिर राहत नाही, हे कुओपिओने दाखवलंच आहे. काही वेळा मोजणी फसवते ती वेगळ्याच कारणाने. एखाद्या वाईट वर्षानंतर कार्यक्रम सुरू केला, तर पुढचं वर्ष तसंही थोडं बरं जाण्याची शक्यता असते, आणि श्रेय कार्यक्रमाला जातं.

काहीच बदल झाला नाही, तर? तेव्हा दोन शक्यता वेगळ्या करायच्या. कल्पनाच चुकीची होती, की कल्पना ठीक होती आणि ती नीट पोचलीच नाही? शाळेत बारा तास घ्यायचे ठरले आणि प्रत्यक्षात चारच झाले, तर निकालावरून पद्धतीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या थराची नोंद इथे कामी येते.

आणि सरासरी फोडून पाहायची. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी 1971 मध्ये मांडलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे गरज जास्त तिथेच कमी मिळते. आरोग्य संवर्धनालाही हे लागू पडतं. माहितीवर आधारलेल्या मोहिमांचा लाभ ज्यांच्याकडे वेळ, पैसा आणि शिक्षण आहे, ते आधी उचलतात. सरासरी सुधारते, दरी मात्र रुंदावते. स्त्री-पुरुष, उत्पन्न, वस्तीचा कुठला भाग, अशी फोड केली नाही तर हे अहवालात दिसतच नाही.

शेवटी हाती आलेले आकडे वरच्या कार्यालयात जाण्याआधी वस्तीत वाचून दाखवावेत, आणि ते अहवालाच्या भाषेत नकोत. ‘तुमच्या भागात पाच घरांतल्या दोन घरांनी अजून टाकी झाकलेली नाही’ असं सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, झाकणं दिली होती ती मापाची नव्हती. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत झाकणाच्या मापाचा रकाना नव्हता. पुढच्या खेपेला तो घालायचा आणि झाकणं पुरवणाऱ्याशी आधी बोलून घ्यायचं.